फाइल समोर दिसतेय, तरी ‘नो सच फाइल’ का?

प्रश्न
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातल्या नोंदी रोज पेनड्राइव्हवर उतरवायला एक छोटी स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाइल) लिहिली. लिहिली घरी, विंडोजच्या नोटपॅडमध्ये. चालवायची वाचनालयातल्या उबुंटू २२.०४ वर, म्हणजे लिनक्सवर. ‘./बॅकअप.एसएच’ दिलं की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येतं. एलएस करून फाइलींची यादी पाहिली तर फाइल तिथेच! दोन संध्याकाळी यातच गेल्या.

उत्तर १
सीएचमॉड +एक्स करून फाइलला चालण्याची परवानगी दिलीत का?

प्रश्नकर्ती
दिली. तेच येतंय.

उत्तर २
परवानगी नसती तर ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं. ताई, एरर अर्धी सांगू नका, पडद्यावर आहे तशी अक्षरन् अक्षर उतरवा.

प्रश्नकर्ती
‘/बिन/बॅश^एम: बॅड इंटरप्रिटर: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. ते ^एम कचरा वाटला म्हणून गाळलं होतं.

उत्तर २
सगळी मेख त्यातच आहे. सापडत नाहीये ती तुमची फाइल नव्हे. पहिल्या ओळीत तुम्ही बॅशचा, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता दिलाय, त्याला शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटलंय आणि त्या नावाचा प्रोग्राम मशीनवर नाही.

मी टायपिंग जुन्या मशीनवर शिकलो. ओळ संपली की दांडी ओढायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज पुन्हा सुरुवातीला यायचं. कामं दोन. विंडोज अजून दोन्हींची खूण ठेवतं, १३ आणि १० क्रमांकाची अक्षरं. लिनक्सला फक्त १० पुरतं, मग १३ उरतं. तेच तुमचं ^एम.

‘कॅट -ए बॅकअप.एसएच’ करा, ए मोठ्या लिपीतला; न दिसणारी अक्षरंही दिसतील. ओळीच्या शेवटी नुसतं $ हवं. तुम्हाला ^एम$ दिसेल. मग ‘डॉस२युनिक्स’ इन्स्टॉल करून फाइल त्यातून काढा, ते १३ गळून जाईल. पुढचे बदल उबुंटूवरच करा.

प्रश्नकर्ती
चालली दादा! खूप आभार. पण मशीनवर ‘नोंदी’ नावाची दोन फोल्डर दिसतायत. एकाच्या नावापुढे $'\आर' आहे.

उत्तर २
आधी कधीतरी ‘बॅश बॅकअप.एसएच’ असंही चालवलं असणार. तशी चालवली की पहिली ओळ आड येत नाही, पण तेच १३ नंबरचं अक्षर फोल्डरच्या नावाला चिकटतं; $'\आर' ही त्याचीच खूण. आत काही असेल तर आधी बाहेर काढा, मग ते फोल्डर काढून टाकायला ‘आरएमडिर नोंदी?’ द्या. प्रश्नचिन्ह त्या एका अक्षराच्या जागी. रिकामं नसेल तर आरएमडिर हात लावत नाही, तेव्हा नोंदींची काळजी नको.