‘चोकी’, ‘ग्लासहाउस’: लष्करी बोलीत तुरुंगाला ही नावं कशी पडली?

शब्दवेडा: ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत तुरुंगाला ‘चोकी’ म्हणतात. ही आपलीच चौकी का? आणि ‘ग्लासहाउस’ कुठून आलं?

जुनी_पलटण: हो, आपलीच. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांनी हिंदी ‘चौकी’ उचलली. पहाऱ्याच्या जागेवरून अर्थ थेट कोठडीवर सरकला. इंग्रजीतल्या ‘चोक’शी, म्हणजे गळा आवळण्याशी, जोडतात ती निव्वळ कानगोष्ट. ग्लासहाउसमध्ये मात्र खरीच काच आहे: इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटच्या लष्करी तुरुंगाचं छप्पर काचेचं होतं. पुढे कुठल्याही लष्करी तुरुंगाला तेच नाव चिकटलं.

दप्तरी: शिक्षेचंही बघा. 1881मध्ये ब्रिटिश सैन्यातले फटके बंद झाले, त्या जागी ‘फील्ड पनिशमेंट नंबर 1’ आली. गुन्हेगाराला तोफेच्या चाकाला किंवा खांबाला बांधायचं, दिवसाला जास्तीत जास्त 2 तास, सलग 4 दिवसांतले 3च, एकूण 21 दिवसांपर्यंत. हात पसरून बांधत, म्हणून शिपाई त्याला ‘क्रूसावर चढवणं’ म्हणत. नंबर 2मध्ये बेड्या असायच्या, पण बांधणं नाही. कागदावर हे सौम्य वाटतं, उन्हात नाही.

शब्दवेडा: आणि आपल्या देवळालीवरून आलेलं ‘डूलॅली’?

जुनी_पलटण: तो शब्द शिक्षेचा नव्हे, डोकं फिरल्याचा. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने पडून राहत. पूर्ण रूप ‘डूलॅली टॅप’. त्यातला ‘टॅप’ नळाचा नाही, तापाचा.

दप्तरी: अमेरिकी आरमारात तुरुंगाला म्हणतात तो ‘ब्रिग’ही घ्या यादीत. ब्रिगँटीन या जहाजाच्या नावाचं ते तुटकं रूप. कैदी अशा जहाजांवर डांबत.