ॲझिथ्रोमायसिन आणि क्यूटी: कोणत्या चिठ्ठीला थांबायचं?

चिठ्ठीवाचक
रुग्ण स्त्री, वय ७२. चालू गोळ्या: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-क्लोर्थॅलिडोन, नैराश्य-चिंतेसाठी एस्सिटॅलोप्राम १०, सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोनची एसआर (हळूहळू विरघळणारी) कॅप्सूल. आता ताप-खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन ५००, रोज एक, तीन दिवस. काउंटरवरचं सॉफ्टवेअर क्यूटीची लाल सूचना दाखवतंय (क्यूटी म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा ईसीजीवरचा वेळ; तो फार लांबला तर लय धोकादायक बिघडू शकते), पण ते दर दुसऱ्या चिठ्ठीला दाखवतं. इथे खरंच थांबायचं का? आणि ईसीजीत नेमकं काय बघायचं?

नाडी७२
थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. एकटं ॲझिथ्रो असतं तर एवढं म्हटलं नसतं. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडलं की ती पुढच्या ठोक्याला तयार होते. ॲझिथ्रो तीच वाट थोडी अडवतं, म्हणून क्यूटी लांबतो; एस्सिटॅलोप्राम आणि डॉम्पेरिडोनही तीच. एका दारात तिघं उभे! त्यात क्लोर्थॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम-मॅग्नेशियम घालवतं, पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर मॅग्नेशियम आणखी उतरतं. ॲझिथ्रोने जुलाब लागले तर उरलंसुरलं पोटॅशियमही जातं.

सगळ्यात सहज निघतं ते डॉम्पेरिडोन. घरात ती ‘गॅसची गोळी’ असते, म्हणून औषधं सांगताना तिचं नावच येत नाही. एसआर कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिग्रॅ असतं. साधं पॅन्टोप्राझोल चालेल का, हे त्याच फोनवर विचारा. एस्सिटॅलोप्राम मात्र काउंटरवरून बंद करायला सांगू नका.

लीड_दोन
ईसीजीआधी रक्त: पोटॅशियम ४ च्या वर, मॅग्नेशियम २ च्या आसपास हवं.

मशीनने छापलेल्या क्यूटीसीवर (नाडीच्या वेगाप्रमाणे दुरुस्त केलेला क्यूटी) जाऊ नका. तापात नाडी पळते आणि बहुतेक मशीन वापरतात ते बॅझेटचं सूत्र तिथे आकडा फुगवतं. ईसीजीच्या लीड २ किंवा व्ही५ या पट्टीत क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंत स्वतः मोजा, एक बारीक चौकट ४० मिलिसेकंद. समजा क्यूटी १० चौकटी (४००) आणि दोन ठोक्यांतलं अंतर १५ चौकटी (०.६ सेकंद, नाडी १००). बॅझेटने, म्हणजे त्या अंतराचं वर्गमूळ घेऊन भागलं की, ५१६ येतं, फ्रिडेरिशियाने, म्हणजे घनमूळ घेऊन, ४७४. पहिल्या आकड्याने धावपळ होते. दुसरा स्त्रियांच्या ४६० च्या मर्यादेपेक्षा जास्त आहेच, पण ५०० च्या आत. टी लाटेमागची छोटी यू लाट मोजणीत धरू नका, नेहमीची चूक तीच.

५०० च्या पुढे असेल तर ॲझिथ्रो नकोच.

साधा_सर्दीखोकला
धोक्याचं प्रमाणही सांगा की. २०१२ च्या अमेरिकन अभ्यासात अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत ॲझिथ्रोच्या दर १० लाख कोर्समागे ४७ जास्त हृदयमृत्यू दिसले. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये १८ ते ६४ वयोगटात पेनिसिलिनशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही. तिशीतल्या धडधाकट माणसाला घाबरवू नये. ही चिठ्ठी मात्र नेमकी दुसऱ्या टोकाची आहे. शिवाय असा खोकला बहुतेकदा विषाणूचा असतो, त्याला अँटिबायोटिक लागतच नाही.

चिठ्ठीवाचक
बदली म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन?

नाडी७२
आगीतून फुफाट्यात. ते पोटॅशियमची वाट अडवतंच, वर यकृतातलं औषधं मोडणारं एन्झाइम सीवायपी३ए४ बंद पाडतं, म्हणून डॉम्पेरिडोनची रक्तातली पातळी चढते. ही जोडी वर्ज्य आहे. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर तेही साठतं. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन याच वळणाची, त्यात मॉक्सी जास्त. अँटिबायोटिक लागणारच असेल तर अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनची ॲलर्जी विचारून) किंवा डॉक्सिसायक्लिन बसतं का ते विचारा. ती क्यूटी लांबवत नाहीत.

लीड_दोन
ॲझिथ्रो दिलंच गेलं, तर तिसऱ्या गोळीला विषय संपत नाही. अर्धायुष्य सुमारे ६८ तास. चौथ्या-पाचव्या दिवशी उलटीसाठी कुणी ऑन्डान्सेट्रॉन देतं, तेही क्यूटी लांबवतं आणि हिशेब पुन्हा बिघडतो. त्या दिवसांत अचानक डोळ्यांपुढे अंधारी, छातीत फडफड किंवा शुद्ध हरपली तर थेट इमर्जन्सीत न्या, सोबत सगळ्या स्ट्रिप्स. ईसीजीत टोर्साड (लांबलेल्या क्यूटीतून होणारी जीवघेणी लय) दिसला तर रक्तातला आकडा नॉर्मल असला तरी मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून देतात. लय सुधारायचं नेहमीचं औषध ॲमिओडारोन तिथे नको, ते स्वतःच क्यूटी लांबवतं.