बारावी विज्ञानानंतर समाजकार्याची पदवी घ्यावी का?

प्रश्न (विद्यार्थिनी, यवतमाळ):
मी यंदा बारावी विज्ञान उत्तीर्ण झाले असून मला बीएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदवी) करावयाचे आहे. परंतु त्यापेक्षा समाजशास्त्रात बीए का नको, या वडिलांच्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर देता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (माजी विद्यार्थी):
मुख्य फरक क्षेत्रकार्याचा, म्हणजे लोकांमध्ये जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचा आहे. समाजशास्त्र समाजाचा अभ्यास शिकवते. समाजकार्यात त्याबरोबरच व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती शिकून वस्तीत, शाळेत किंवा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्याचा लेखी अहवाल पर्यवेक्षक प्राध्यापकांना द्यावा लागतो. पहिल्या वर्षी वस्तीतील एका ताईंचा रेशनकार्डाचा अर्ज मी स्वतःच भरून दिला आणि अभिमानाने तसे लिहिले. “त्यांना अर्ज भरायला शिकवले असते, तर पुढच्या वेळी त्यांना तुमची गरज पडली असती का?” असे सरांनी विचारले. त्या एका प्रश्नाने माझी कामाची दृष्टी बदलली.

उत्तर (वैद्यकीय समाजसेविका, पुणे):
विज्ञान शाखेची अडचण येत नाही. मात्र रुग्णालयांतील आमच्या पदांसाठी बहुधा एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) मागितले जाते, त्यामुळे दोन्ही पदव्या मिळून पाच वर्षांचा विचार करावा. १९३६ साली मुंबईत दोराबजी टाटांच्या नावाने सुरू झालेली संस्था, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, हेच शिक्षण देते, हेही वडिलांना अवश्य सांगावे.

विद्यार्थिनी:
मनःपूर्वक आभार. दोन्ही उत्तरे आज रात्रीच वडिलांना वाचून दाखवते.