डिप्रेशनची ट्रीटमेंट झालीय, सरकारी नोकरीच्या व्हेरिफिकेशनमध्ये अडचण येईल का?

त्रिमूर्तीनगरची_ताई
नमस्कार, लहान भावासाठी विचारतेय. केंद्राच्या संरक्षण खात्याशी संबंधित एका ठिकाणी त्याचं सिलेक्शन झालंय, टेक्निकल पोस्ट आहे, हत्याराशी संबंध नाही. आता अटेस्टेशन फॉर्म आलाय, मग पोलीस व्हेरिफिकेशन आणि मेडिकल. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याला डिप्रेशन आलं होतं, मेडिकल चौकातल्या सरकारी दवाखान्यात सायकियाट्रीला दाखवलं, कमी डोसच्या गोळ्या अजून सुरू आहेत, पण पोरगा आता व्यवस्थित आहे, याच काळात अभ्यास करून परीक्षा काढली त्यानं. घरचे म्हणताहेत की फाईल फाडून टाक, गोळ्या बंद कर, पागलखान्याचा शिक्का बसला तर नोकरी गेली समज. आणि त्यानं खरंच गोळ्या बंद केल्यात. फॉर्ममध्ये लिहायचं का?

रिटायर्ड_आस्थापना
ताई, अटेस्टेशन फॉर्म आणि मेडिकल हे वेगवेगळे आहेत, लोक दोन्ही एकच समजतात आणि उगाच घाबरतात. अटेस्टेशनमध्ये मागच्या पाच वर्षांतले पत्ते, शिक्षण, कधी अटक झाली का, कोर्टात केस आहे का, कुठल्या परीक्षेतून डिबार केलं का, असं विचारतात. आजाराचा प्रश्न सहसा त्यात नसतोच, त्यामुळे जे विचारलंच नाही ते तिथं लिहू नका. पोलीस ठाण्यात गुन्ह्याचं रेकॉर्ड पाहतात, दवाखान्याचं नाही. मेडिकलच्या वेळी मात्र आधीच्या आजारांबद्दल लेखी डिक्लरेशन घेतात, आणि तिथं थेट विचारलं तर खरंच लिहा. खोटी माहिती किंवा माहिती दडवणं, यावर अपॉइंटमेंट रद्द होऊ शकते हे फॉर्मवरच छापलेलं असतं. आजारापेक्षा खोटं बोलणं महाग पडतं, हे मी सर्व्हिसमध्ये पाहिलंय.

सदरचा_वकील
कायद्याचं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ३ : पूर्वी उपचार घेतले किंवा दवाखान्यात भरती होता, एवढ्यावरून आज किंवा पुढं कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. कलम २३ प्रमाणे त्याची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २० सरकारी नोकरीत भेदभाव करू देत नाही, पण हे अपंगत्वाच्या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे, आणि निमलष्करी दलांच्या कॉम्बॅट म्हणजे लढाऊ पोस्टना ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं यातून सूट दिलीय. तुमच्या भावाची पोस्ट तशी नाही. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२१ चा रविंदर कुमार धारीवाल निकाल जरूर वाचा, सीआरपीएफच्या अधिकाऱ्याला ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती परत परत येण्याचा आजार) आणि डिप्रेशन होतं, त्याच्यावरची खातेनिहाय चौकशी कोर्टानं रद्द केली आणि हत्याराशिवायची पोस्ट देता येईल असं सांगितलं.

मानेवाडा_ते_मेरीलँड
मी अमेरिकेत असतो. इथं सिक्युरिटी क्लिअरन्सच्या, म्हणजे गोपनीय सरकारी कामासाठीच्या परवानगीच्या फॉर्मवर मानसिक आरोग्याचा वेगळा प्रश्नच आहे, एकवीस नंबरचा. २०१७ पासून लागू असलेल्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की केवळ काउन्सेलिंग घेतलं म्हणून विरुद्ध मत बनवायचं नाही. आजार आटोक्यात आहे, माणूस सांगितलेली ट्रीटमेंट घेतोय, ही बाजू त्याच्या फायद्याचीच धरतात. नियम भारताला लागू नाहीत, पण डॉक्टरांचा सल्ला डावलून औषध सोडणं इथं उलट विरोधात जातं, हे त्याला सांगा.

खामला_४४
बाकी सगळं नंतर होत राहीन, आधी गोळ्यांचं पाहा ना ताई! काहून बंद केल्या बाप्पा त्यानं अशा अचानक? मीही अशाच गोळ्यांवर आहे आणि सरकारी नोकरीत आहे. एकदम सोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप उडते, आणि आजार परत येऊन उभा राहते, अन् तेव्हाच मेडिकल बोर्डापुढं बसायचं असते. आजच डॉक्टरशी बोला, परत सुरू करताना डोस त्यांनाच ठरवू द्या. रात्रीबेरात्री काही वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फाईल फाडू नका, तीच कामी पडते.

त्रिमूर्तीनगरची_ताई
खूप आधार वाटला सगळ्यांचं वाचून. त्याला हे सगळं दाखवलं, सकाळी ओपीडीला नेतेय. डॉक्टरांकडून काय लिहून घेऊ?

रिटायर्ड_आस्थापना
आजाराचं नाव, कधीपासून उपचार, सध्याची औषधं, प्रकृती स्थिर आहे आणि तो काम करायला फिट आहे, एवढं लेटरहेडवर सही-शिक्क्यासह घ्या. झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल मेडिकलला मागितलं तरच द्यायचं.