गावाकडच्या सुट्टीत ‘इथलंच खा’ हा हट्ट कशासाठी?

रानवाटा: शनिवार-रविवार खेड्यात मुक्कामाला गेलं की गटात एक तरी महाभाग असतो, जो पोचल्या पोचल्या शहरात रोज मिळतं तेच मागतो. मग इतक्या लांब यायचं कशाला? माझं मत साधं आहे: यजमान जे रांधतील ते खायचं, मेनूकार्ड मागायचंच नाही. इटलीत १९८५ साली कृषिपर्यटनाचा कायदा झाला. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे आणि पाहुण्यांच्या ताटात मुख्यतः घरच्या शेतातलं असलं पाहिजे, असं त्यात लिहूनच ठेवलं होतं. वाइनसुद्धा त्यात आली.

आळशी_मांजर: +१. चर्चा संपली.

उंबरठा: नाही संपली. ‘यजमान रांधतील ते’ म्हणजे नेमकं कोण रांधणार? बहुतेक घरांत बाईच. दहा पाहुण्यांचं चुलीवरचं जेवण म्हणजे पहाटेपासून धूर खायचा, आणि पाहुणे अकराला उठून फोटो काढणार. बरं, ते घर रोज असं जेवतच नाही. एरवी एक भाजी आणि वर काहीतरी तोंडी लावायला. पाहुणे आले की सणासुदीचं सगळं एका ताटात कोंबायचं, कारण त्यांना ‘अस्सल’ हवं असतं! भाजीचंही तेच. हंगाम नसला तरी ताट बारा महिने तेच. मग ती भाजी येते कुठून? शेतातला माल आधी शहराच्या बाजारात जातो आणि तिथून टेम्पोने परत गावात येतो. याला ‘इथलं’ म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

रानवाटा: हा दोष ताट सजवणाऱ्यांचा, जेवणाऱ्यांचा नाही. त्यांच्या रोजच्या एका भाजीवर मी आनंदाने जेवेन. तीच तर मागतोय!

उंबरठा: तुम्ही जेवाल हो. पण ‘एवढे पैसे घेऊन एकच भाजी’ असं लिहिणारे दहा निघतील, ही भीती यजमानाला असते. म्हणून ताट भरतं.

कडूगोड: खाण्याचं जाऊ द्या, पिण्याचं बोला. धारोष्ण दुधाचं भारी कौतुक असतं, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) होऊ शकतो. जंतू मारायला दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवायचं, एवढंच तर पाश्चरायझेशन. (पाश्चरने ही युक्ती १८६०च्या दशकात काढली ती दुधासाठी नव्हे, वाइन नासू नये म्हणून.) आणि कुणी घरी गाळलेली दारू पुढे केली तर सरळ नको म्हणा. त्यात मिथेनॉल असलं तर वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक अॅसिड होतं आणि दृष्टी जाते, जीवही जातो. पाहुणचाराचा मान वगैरे नंतर बघू.

रानवाटा: दारूबद्दल शंभर टक्के सहमत. दुधाचं म्हणाल तर ‘उकळून द्या’ म्हटल्यावर कुणी हाकलून देत नाही. तेवढ्यासाठी शहरातून पिशवी नेऊ नका म्हणजे झालं.

आळशी_मांजर: परतताना गाडी कोण चालवणार, ते मात्र पहिला पेला भरायच्या आत ठरवा. दर वेळी माझ्याच गळ्यात येतं.

उंबरठा: रानवाटा, पुढच्या वेळी बुकिंगच्या फोनवरच सांगून बघा: ‘घरात शिजेल तेच वाढा, वेगळं काही नको, आणि भांडी आम्ही घासू.’ काय उत्तर मिळतं ते इथे लिहा. मी वाट बघतेय.