सिक लीव्ह बायकाच जास्त टाकतात, हे खरं काय?

उद्यमबागकर:
आमच्या फौंड्रीच्या ऑफिसात कायम हाच विषय, लेडीज स्टाफ सारखी सिक लीव्ह टाकतोय म्हणून. त्यात 2025 मध्ये कर्नाटक सरकारनं पाळीसाठी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला 12 भरपगारी रजा दिल्या. माझं मत विचाराल तर रजा सगळ्यांना सारखी पाहिजे. भट्टीपाशी धग खात दिवसभर उभारणाऱ्या गड्याची कंबर दुखत नाही काय?

वडगावची वहिनी:
दुखते की दादा, पण तो अंगावर काढतोय. ताप असला तरी गोळी खाऊन शिफ्टला जायचं आणि मग एकदम ॲडमिटच व्हायचं, ह्यात बायकांचा काय दोष? आणि बाईची सिक लीव्ह तिच्या स्वतःच्या दुखण्याला उरते कुठं, पोराला ताप आला, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचंय, सगळं तिच्याच रजेतनं. स्वीडनमध्ये आजारी पोरासाठी वेगळी भत्त्याची रजा आहे, तरीपण पहिलं मूल झाल्यावर बायकांच्या आजारपणाच्या रजा पुरुषांपेक्षा वाढलेल्या दिसतात. मग आपल्याकडं काय असेल बघा.

मच्छेकर:
वहिनी, गडी हौसेनं अंगावर काढत नाहीत. ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विम्यातनं आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, तेपण पहिले दोन दिवस सोडून. दोन दिवसाच्या तापाला हातात काय येणार? आणि पाच-सहा माणसांच्या वर्कशॉपात एक नसला की मशीन बंद, उद्या मालक बायकांना कामावरच घ्यायचे नाहीत. बेंगळुरूच्या हॉटेल मालकांची संघटना ह्या पाळीच्या रजेच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात गेली ती उगीच नव्हे.

निपाणीची लेक:
तुमचं सगळं पगारदारांचं चाललंय. आमच्याकडं विड्या वळणाऱ्या बाया बघा, हजार विड्यांमागं मजुरी, अंग दुखलं म्हणून बसलं की त्या दिवसाचा पैसा गेला. विडी कामगार कायद्याखालच्या बायकापण ह्या 12 रजांत येतात म्हणे, पण घरी बसून वळणारीनं रजा मागायची कुणाकडं? बायका रजा जास्त घेतात म्हणणाऱ्यांनी हे आधी बघावं.

उद्यमबागकर:
ताई, त्यांना मिळायलाच पाहिजे, त्याला माझा विरोध नाही. पण पाळीच्या रजेला सर्टिफिकेट लागत नाही आणि आम्हाला एका दिवसाच्या तापाला डॉक्टरची चिठ्ठी आणायला लावतात, हे काय बरोबर हाय?

वडगावची वहिनी:
बरोबर नाहीच. मग तुमची चिठ्ठी रद्द करा म्हणून मॅनेजमेंटशी भांडा की, आमच्या रजेवर कशाला डोळा? आणि पुढच्या वेळी पोराला ताप आला की रजेचा अर्ज नवऱ्यांनी टाकायचा.

मच्छेकर:
तेवढं मान्य. पण छोट्या मालकाला सरकारनं काही भरपाई द्यावी, ह्यावर मी ठाम आहे.