खड्ड्यात आदळली की मीटर, हॉर्न, इंजिन सगळंच बंद

प्रश्न (जळगाव): १९९८ ची पेट्रोल गाडी. खड्डा लागला की मीटरचे दिवे, हॉर्न, इंडिकेटर एकदम जातात, इंजिनही बंद. लगेच परत चालू होते. बॅटरी नवी, फ्यूज शाबूत. भर उन्हात जास्त त्रास.

धुळे: भाऊ, सगळं एकदम जातंय तर एकेक वायर चाचपू नका, सामाईक जागा धरा: बॅटरीची टोकं, अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडणारी पट्टी), इग्निशन स्विच. बिघाड होताना हेडलाइट जळतो का? बहुतेक जुन्या गाड्यांत तो इग्निशन स्विचवर नसतो, म्हणून तो चालू राहिला तर संशय त्या स्विचवर.

भुसावळ: अर्थ आधी मोजा. हेडलाइट, ब्लोअर लावा. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही), दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थची पट्टी काढून पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन.

जळगाव: ०.०६ आलं. हेडलाइट जळत राहतो. किल्ली हलवली की मीटर लुकलुकतं.

धुळे: मग स्विचच. इग्निशनच्या फ्यूजवर २१ वॅटचा बल्ब लावून किल्ली हलवा. नुसत्या मल्टिमीटरवर भरवसा नको, एका तारेवर लटकलेली वायरही १२ व्होल्ट दाखवते! स्विचमागचा कपलर (वायरींचा प्लग) करपून तपकिरी झालाय का बघा. सैल पिन तापते, तापली की आणखी सैल. बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच हात घाला. कॉन्टॅक्टचा भाग बऱ्याच गाड्यांत वेगळा मिळतो, अख्खं लॉक घेऊ नका. आणि किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर तो काढा.